कापसाच्या खोलीतला आवाज

माझी धाकटी जाऊ घरात बसून संगीत तयार करते. गात नाही, पेटी वाजवत नाही. एक लॅपटॉप, दोन स्पीकर, हातभर लांबीचा कीबोर्ड आणि वायरींचं जंजाळ, एवढ्यावर ती ढोलापासून बासरीपर्यंत सगळं एकटी उभं करते. लोधीखेड्याच्या आमच्या शाळेत मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका सरांनी विचारलं, "म्हणजे वरातीत डीजे लावते का?" मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या जावेबद्दल काय बोलायचं ते मी बोलेन, दुसऱ्यानं नाही.

आमचं घर सौंसरच्या टोकाला आहे, जिथं वस्ती संपून शेतं लागतात तिथं. सासूबाई आता नाहीत. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि माझा नवरा कापूस अन् संत्र्याची शेती पाहतात, दीर कारखान्यात जातात, मी शाळेत जाते. धाकटी पांढुर्ण्याची, तिथं तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान. गल्ल्यामागे बसून ती म्हणे लहानपणी डबे, पराती, गडवे वाजवून पाहायची आणि कोणता किती वेळ वाजत राहतो ते लक्षात ठेवायची. आमच्याकडे आली तेव्हा रुखवतात तिनं एक स्टीलची कळशी मागून घेतली होती, पाण्यासाठी नव्हे, आवाज चांगला म्हणून. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही बाई आपल्यातली नाही. म्हणजे चांगल्या अर्थानं.

आमच्या घरात मोकळी म्हणावी अशी खोली एकच, मागची. पण तीही वर्षातले काही महिनेच मोकळी. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की माल त्याच खोलीत येऊन पडतो. भाव मनासारखा आला की व्यापाऱ्याची गाडी येते, कापूस जातो, आणि मग उन्हाळाभर खोली रिकामी. मागच्या उन्हाळ्यात धाकटीनं तिथं आपलं बस्तान मांडलं. कापूस यायला लागला तेव्हा ती कोपऱ्यात सरकली, पण हलली नाही. कापसाजवळ वायर नको म्हणून मामाजींनी स्वतः मिस्त्री आणून प्लग नीट बसवून घेतले. तिच्या कामाबद्दल मात्र ते चांगलंही बोलत नसत, वाईटही नाही.

मग कार्तिकात ते एकदा जेवताना बोलले. बँकेत बदलून आलेले एक गृहस्थ खोली शोधत होते. कापूस गेला की मागची खोली त्यांना भाड्यानं द्यावी, असं मामाजींच्या मनात होतं. धाकटीच्या हातातली भाकर परातीतच राहिली. मामाजींनी ते पाहिलं असावं. म्हणाले, "तोवर तुले बाहेरचं एखादं काम भेटलं, अन् त्याईनं ते घेतलं, त खोली तुही. नाही त सामान तुह्या खोलीत लाव." तिच्या खोलीत, म्हणजे तिच्या आणि दिरांच्या, एक पलंग आणि एक कपाट ठेवल्यावर माणसाला आडवं चालावं लागतं. तिथं स्पीकर कुठं ठेवणार, डोक्यावर?

धाकटी "बरं मामाजी" म्हणाली आणि भाकर थापायला लागली.

त्या दिवसापासून मी तिच्या खोलीत जास्त जाऊन बसू लागले. शाळेतून आले की चहा घेऊन तिच्याकडे. कापसाच्या ढिगाला पाठ टेकली की इतकं बरं वाटतं की वह्या तपासाव्याशाच वाटत नाहीत. बसल्या बसल्या मी तिचं काम शिकले नाही, पण ते कसं करतात ते पाहिलं, आणि पाहून थक्क झाले.

मला वाटायचं, सारखा आवाज मोठा करत गेलं की संगीत होतं. तिचं उलट. ती इतक्या हळू आवाजात काम करायची की मला पुढे वाकावं लागे. "ताई, मोठ्यानं सगळंच गोड लागते," ती म्हणायची. "हळू असून चांगलं वाटलं, त ते खरंच चांगलं हाय." घटकाभर काम झालं की उठून संत्र्याच्या बागेपर्यंत जाऊन यायची. कान थकतात म्हणे, आणि थकलेल्या कानाला आपलंच केलेलं सगळं आवडतं. शेजारी एक दुसऱ्याचं, नीट झालेलं गाणं लावून ठेवायची आणि मधूनमधून ते ऐकायची. नक्कल करायला नाही, आपण वाहवत कुठं चाललो ते कळायला.

स्पीकर तिनं भिंतीला चिकटवले नव्हते, हातभर पुढे ओढून विटांवर ठेवले होते, विटांवर घडी केलेली गोधडी. भिंतीजवळ ठेवले की खालचा आवाज उगाच फुगतो. काहीही रेकॉर्ड करायचं तर आधी पंखा बंद. मग मी घामाघूम होऊन बसलेली आणि ती कळशीला बोटानं टिचकी मारून ऐकतेय. तिगावला मामाकडे गेली होती तेव्हा स्टेशनावर उभी राहून मालगाडीचा आवाज मोबाइलवर घेऊन आली. त्यातला डब्याडब्यांचा एक ठोका कापून तिनं त्याचा ताल केला. तो ऐकल्यावर मी म्हणाले, "ही तर आपली पांढुर्ण्याची गाडी होय." ती इतकी खूश झाली की तिनं माझ्या चहात तिच्या वाटणीची साखर घातली.

एक गोष्ट मला सगळ्यांत आवडली. ढोलाचा खालचा ठोका आणि त्याच्याच पट्टीत वाजणारा जाड बेस, हे दोघं एकमेकांच्या अंगावर जातात आणि मग दोन्हींचा चिखल होतो. म्हणून ती असं काही लावायची की ठोका पडला की बेस क्षणभर दबेल, आणि ठोका सरला की पुन्हा वर येईल. मला समजावताना म्हणाली, "ताई, हे म्हणजे आपण दोघी. स्वयंपाकघर एक. एक बोलून राहिली त दुसरीनं जरा दबावं."

"अन् दबते कोण?" मी विचारलं.

"मीच की," ती म्हणाली. "म्हणूनच त घर चांगलं वाजून राहिलं."

अशी जीभ आहे तिची. आणि कामातही ती जिभेइतकीच कडक. एखादा आवाज बंद करून ऐकायची, तो नसल्याचं कोणाला कळत नसेल तर काढून टाकायची, मग तो बसवायला सगळी दुपार गेली असली तरी. बिघडलेलं कामही शेवटापर्यंत नेऊन संपवायची, कारण संपवणं हेही शिकावंच लागतं म्हणे. आमच्या शाळेत अर्धवट चित्रांचा गठ्ठा दाखवून स्वतःला कलाकार म्हणवणारे लोक मी पाहिलेत. त्यांना एकदा हिच्यासमोर बसवावं असं माझ्या मनात येई.

तिगावच्या मालगाडीचं ते काम तिनं इंटरनेटवर टाकलं आणि पौषात नागपूरहून फोन आला. एक नाटकमंडळी नवं नाटक बसवत होती, त्यांच्या दिग्दर्शक बाईंना पार्श्वसंगीत हवं होतं. धाकटीनं फोन ठेवला आणि कापसाच्या ढिगावर उताणी पडली. मी शेजारी बसले. मग ती म्हणाली, "ताई, त्याईनं घेतलं पाह्यजे." मी म्हणाले, "घेतील नाही तर जातील कुठं?"

तिनं जीव ओतला. सकाळी स्वयंपाक आटोपून बसायची ते दिवेलागणीपर्यंत. मधेच उंदरांनी तिच्या हेडफोनची वायर कुरतडली. कापूस म्हटला की उंदीर आलेच. नवा मागवायला वेळ नव्हता, म्हणून ती स्पीकरवरच काम करू लागली. शेवटी मोबाइलवर एकदा ऐकून पाहायचं हा तिचा नेम होता. तोही तिनं पाळला, ढिगावर बसून. सगळं छान वाटलं. मलाही. काम नागपूरला गेलं. त्या आठवड्यात आम्ही जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो तेव्हा मी देवाला काय मागितलं ते तिला सांगितलं नाही, आणि तिनंही मला विचारलं नाही.

बाईंचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. तिनं स्पीकरवर लावला. बाई बोलायला चांगल्या होत्या, पण स्पष्ट. म्हणाल्या, "सुरावट सुंदर आहे. पण सगळं एखाद्या विहिरीत वाजतंय. आमच्या हॉलमध्ये लावलं तर एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. हे नीट होणार असेल तर थांबते, नाहीतर आम्हाला दुसरं काही पाहावं लागेल."

मी भडकले. फोन बंद झाल्याबरोबर म्हणाले, "त्यांचा हॉलच तसा असेल! नाहीतर कान तरी!" वर म्हणाले, "इथं आत्ता लावून पाहा, आहे का विहीर?" तिनं लावलं. नव्हतीच विहीर. सगळं लख्ख. मी म्हणाले, "बघ." दुसरी कोणी असती तर एवढ्यावर माझ्या पदराआड लपून बाईंना शिव्या घालत बसली असती. मी तर तयारच होते.

ती बसली नाही. मोबाइल हातात घेतला, तेच संगीत लावलं आणि घरभर चालायला लागली. मागच्या खोलीतून ओसरीवर, ओसरीतून स्वयंपाकघरात, तिथून गोठ्यात, गोठ्यातून मधल्या खोलीत. मी तिच्या मागे. मधल्या खोलीत ती थांबली. तिथं मलाही ऐकू आलं. बाई खरं बोलत होत्या. ठोका घुमत होता, त्यावर बासरी घुमत होती, सगळ्याचा एकच काला झाला होता.

तिनं मोबाइल बंद केला आणि एक टाळी वाजवली. मधली खोली खणखणली. मग ती मागच्या खोलीत गेली, कापसाच्या ढिगासमोर उभी राहिली आणि पुन्हा टाळी वाजवली. ती टाळी तिच्या हाताबाहेर गेलीच नाही. कापसानं गिळून टाकली. पुन्हा मधली खोली, पुन्हा टाळी. मामाजी ओसरीवर सुपारी कातरत होते. ते मान वर करून आमच्याकडे पाहत राहिले.

"ताई, कापूस!" ती ओरडली आणि हसायलाच लागली. मग तिनं मला समजावलं. संगीताला थोडा घुमारा द्यावा लागतो, म्हणजे ते मोठ्या जागेत वाजतंय असं वाटतं. पण तिच्या खोलीत कापूस वेचणीगणिक वाढत गेला आणि खोलीचा आपला घुमारा तसतसा खात गेला. तिच्या कानाला सगळं कोरडं वाटत गेलं, म्हणून ती वरून घुमारा घालत गेली. आज थोडा, उद्या थोडा. त्या खोलीत तो दिसतच नव्हता. बाहेर नेल्यावर सगळा उघडा पडला.

मी म्हणाले, "मग आता स्पीकर मधल्या खोलीत आण." ती म्हणाली, तिथं टीव्ही, भांडी, येणारेजाणारे. शिवाय त्या खोलीचंही आपलं खोटं आहेच, फक्त वेगळं. "शहरात लोक भिंतीले कायकाय लावून अशी खोली बनवतात ताई. आपल्याकडं ती वावरातून आली. खोलीत खोट नाही, मले माहीत नव्हतं एवढंच. आता माहीत हाय, त तिच्यासारखी खोली नाही." आणि कामाला बसली. घुमारा आपल्याला हवा वाटतो त्याच्या निम्म्यावर आणायचा, मधल्या खोलीत जाऊन मोबाइलवर ऐकायचं, परत यायचं, दुसरा प्रसंग घ्यायचा. नाटक मोठं होतं. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती त्या दोन खोल्यांमधून फिरत होती. चेहऱ्यावर राग नाही, रड नाही. मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले की चूक सापडली की आनंद व्हायला हवा. तसं होताना मी पहिल्यांदा पाहत होते.

आणि त्याच आठवड्यात मामाजींचा व्यापाऱ्याशी सौदा ठरला.

अर्ध्याहून अधिक काम झालं होतं, पण बरंच राहिलंही होतं. कापूस गेला असता तर खोली पुन्हा बदलली असती. आधीचे प्रसंग एका कानानं, उरलेले दुसऱ्या कानानं. पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि बाई तेवढं थांबणार नव्हत्या. मी म्हणाले, "मी बोलते मामाजींशी." तिनं माझा हात धरला. "नोको ताई. कापूस त्याईचा हाय. वर्षभर राबले हायेत त्याच्यावर. माह्या टाळीसाठी त्याईचा भाव कायले बिघडवू?" मला ते मुळीच पटलं नव्हतं. एवढी शहाणी असून ही बाई मागायच्या वेळी मागत नाही, याचा मला संताप आला होता.

गाडी सकाळी आली. हमाल उतरले, ताडपत्र्या अंगणात टाकल्या, वजनाचा ताणकाटा लावायला घेतला. रविवार होता, म्हणून मी घरीच होते. धाकटीनं स्पीकरच्या वायरी काढायला घेतल्या. कापूस उचलताना धूळ उडते, म्हणून लॅपटॉपवर जुनं लुगडं टाकलं. मी दाराशी उभी होते.

मामाजी खोलीत आले. कापसाकडे गेले नाहीत. तिच्यापाशी थांबले.

"काम झालं?"

"थोडं राहिलं मामाजी. करीन मी."

त्यांनी ढिगाकडे पाहिलं. मग एकदम दोन्ही हात पुढे करून एक टाळी वाजवली. त्यांच्या वयाच्या माणसानं अशी मधेच टाळी वाजवलेली पाहून हमालसुद्धा दारातून डोकावले. मामाजी कान देऊन ऐकत राहिले.

"कापूस गेला त हे बदलते ना?"

तिला खोटं बोलता येत नाही. "बदलते," ती म्हणाली.

ते वळले आणि बाहेर गेले. अंगणात त्यांचा आवाज आला, नेहमीचाच, न चढलेला. "आज नाही भाऊ. पुढच्या हप्त्यात या. घरात काम चालू हाये." गाडीवाला काहीतरी बोलला, भाव उतरेल असं. माझा नवराही त्यांना समजवायला पुढे झाला. मामाजी म्हणाले, "उतरला त उतरला." ताडपत्र्या गुंडाळल्या गेल्या. गाडी मागे घेताना तुळशीपाशी अडकली, तेवढा गोंधळ झाला, आणि मग अंगण मोकळं झालं.

धाकटीनं लुगडं काढलं. ती वायरी पुन्हा जोडायला लागली. मी जोडून देते म्हणाले तर म्हणाली, "तुमी चुकीच्या ठिकाणी लावान." मी रागावले नाही. मला त्या क्षणी त्या दोघांबद्दल इतकं काही दाटून आलं होतं की मी चहा टाकायला निघून गेले.

काम पूर्ण होऊन नागपूरला गेलं. उत्तर यायला वेळ लागला. कापूस ठरल्याप्रमाणे पुढच्या हप्त्यात गेला. भाव उतरला होता, थोडासा. मामाजींनी त्याचा उल्लेख केला नाही. रिकाम्या खोलीत धाकटी झाडू मारत होती आणि झाडूचासुद्धा आवाज घुमत होता, तेव्हा बाईंचा फोन आला. त्यांनी ऐकलं होतं. त्यांना सगळं हवं होतं, जसंच्या तसं, आणि पुढच्या नाटकाबद्दलही त्यांना तिच्याशी बोलायचं होतं.

ती धावत ओसरीवर गेली. मामाजींच्या पाया पडली. "मामाजी, त्याईनं घेतलं. आता भाडेकरूले नाही म्हणा."

मामाजींनी चष्मा काढून पुसला. "त्याले त मी कधीचंच नाही म्हटलं," ते म्हणाले. "गाडी वापस केली, त्याच दिवशी."

ती तशीच जमिनीवर बसली. मग म्हणाली, "अन् नागपूरवाल्याईनं नाही म्हटलं असतं त?"

"त काय," मामाजी म्हणाले, "इथंच बसून दुसरं केलं असतं तू."